सुपारीच्या आधी

श्रीगोंद्यापासून आत, उसाच्या रानात वसलेल्या चाळीस उंबऱ्यांच्या वस्तीवर कुणाच्या मुलीचं लग्न घाटतंय, हे सगळ्यात आधी छबूबाईला कळायचं. त्यासाठी तिला कुणाच्या घरात डोकवावं लागत नसे. तिच्या ओसरीवर शिलाई मशीन होतं, तेवढं पुरायचं. शाळेत जाणाऱ्या मुलीला ब्लाउज कशाला लागतो? पाहुणे बघायला येणार असले, पहिल्यांदा साडी नेसवायची असली, तरच. मग आई कापडाची पुडी पदराखाली घेऊन यायची, रविवारच्या आत पाहिजे म्हणायची आणि जाता जाता हळूच सांगायची, "आक्का, आत चांगलं दोन बोटं कापड सोडा. अजून वाढायचीय ती."

हे ऐकलं की छबूबाईचं डोकं तापायचं. वाढायचीय म्हणून कापड राखायचं, आणि पोर मात्र देऊन टाकायची. पण तोंडानं ती एवढंच म्हणायची, "मशीन बिघडलंय गं. आठ दिवस लागतील." कापड मात्र त्याच दुपारी कापून ठेवायची. कापलेलं कापड कुणी दुसरीकडं शिवायला नेत नाही.

त्या आठ दिवसांत ती कामाला लागायची. नऊ वर्षांपूर्वी एका संस्थेनं तिला वस्तीची कार्यकर्ती म्हणून नेमलं होतं. अठराच्या आत मुलींची लग्नं होऊ नयेत, हे संस्थेचं काम. ते कसं करायचं याचं प्रशिक्षण तिला श्रीगोंद्यात मिळालं होतं, आणि येताना ती ते श्रीगोंद्यातच ठेवून आली होती. तिचा नियम एकच होता, सुपारी फुटायच्या आधी गाठायचं. चार माणसांत सुपारी फुटली की बापाचा शब्द अडकतो, मग तो कुणाचं ऐकत नाही, आणि मोडलंच तर डाग मुलीला लागतो. सुपारीच्या आधी काहीच झालेलं नसतं. 'पोरीला ताप आलाय' एवढा निरोप पाहुण्यांना पुरतो.

भागूबाईच्या ज्ञानेश्वरीचं तसंच झालं होतं. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, पोर तेव्हा सोळाची. छबूबाई तीन संध्याकाळी त्यांच्या पडवीत शेंगा फोडत बसली. भागूबाईचं म्हणणं एकच होतं. "शिकवायला मी न्हाई म्हनत न्हाई. पन एसटी फाट्यावर. फाट्यापतूर तीन किलोमीटर वाट, दोन्ही अंगाला डोक्याच्या वर ऊस. एकली पोर पाठवू कशी?" मग छबूबाई संस्थेच्या इतकी मागं लागली की शेवटी वस्तीवर जीप सुरू झाली. सकाळी मुलींना कॉलेजात न्यायची, दुपारी दारात सोडायची. ज्ञानेश्वरी बारावी होऊन नगरला नर्सिंगला गेली, आणि जीपमधल्या तिच्या जागेवर धाकटी दिशा बसायला लागली.

यंदा मार्चमध्ये पुण्याहून अश्विनी मॅडम आल्या. संस्थेच्या कामाचा परिणाम किती झाला, ते मोजायला. त्यांच्या अहवालावर ठरणार होतं, कोणत्या गावचं काम चालू ठेवायचं आणि कुठली जीप बंद करायची. सोबत संस्थेचा तालुक्याचा माणूस, रविराज.

"मावशी, या नऊ वर्षांत ठरलेली किती लग्नं थांबवलीत?" अश्विनीनं टॅब मांडीवर घेत विचारलं.

"ठरलेलं एकबी न्हाई."

अश्विनीनं शून्य टाकलं. रविराजनं कपाळाला हात लावला. "छबूताई, असं काय करता? सात आहेत ना."

"सात ठरूच दिली न्हाईत. ठरल्यावर थांबवायची अक्कल मला न्हाई."

"पण मग ती होणारच होती, याला पुरावा काय?" अश्विनी मऊपणानं म्हणाली. "ओढ्यापलीकडच्या गावात चार थांबवलीत. पोलीस, मंडप, फोटो, सगळं आहे."

"हाय ना. त्यातल्या तिघींची महिन्याच्या आत मामाच्या गावी लागली. तेवढं हाय का ह्याच्यात?"

"तो प्रश्न फॉर्ममध्ये नाहीये, मावशी."

"मग इचारायचा की. बोट काय दुखतंय?"

रविराज घाईनं मध्ये पडला. "ताई, एकच नाव द्या. ज्ञानेश्वरीचं. एक फोटो, चार ओळी. यशोगाथा म्हणून छापू, जीप वाचेल."

छबूबाईनं कात्री खाली ठेवली. "उद्या तिला चांगलं स्थळ यील, आन् तुमचं पुस्तक म्होरं करून कुनीबी म्हनंल, हिचं आधी एक मोडलंय. जे झालंच न्हाई, ते मोडल्याचा डाग. तिच्या आईला मी शब्द दिलाय."

"फोटोत चेहरा पुसट करू."

"चाळीस उंबरं हायती, रविराज. नर्सिंगला एकच गेलीय. नुसती पाठ दावली तरी कुत्रंबी वळखंल."

ती उठली, आतून पत्र्याची पेटी ओढत आणली आणि झाकण उघडलं. आत सात ब्लाउजची कापडं होती. कापलेली, कधीच न शिवलेली. प्रत्येकाला टाचणीनं चिठ्ठी. चिठ्ठीवर तारीख आणि माप, नाव नाही. तिनं सातही अश्विनीच्या टॅबवर ठेवली.

"मोजा. मोजायलाच आलाय न्हवं? अठ्ठावीस छाती. ही सत्तावीस. ही बघा, हिला टक्स घालायलाबी जागा न्हाई. तुमचा पयला ब्लाउज कवा शिवला?"

"कॉलेजच्या गॅदरिंगला," अश्विनी म्हणाली.

"आत कापड सोडलं हुतं?"

अश्विनीनं गुलाबी काठाचं एक कापड हातात घेतलं, चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. मग नीट घडी घालून परत ठेवलं. "मावशी, मला पटतंय. पण हे पुरावा म्हणून धरता येत नाही. नाव नाही, सही नाही."

"पटतंय तर लिवा की."

"लिहायला जागा नाहीये," ती म्हणाली, आणि चहा न घेताच उठली.

जूनमध्ये अहवाल आला. रविराजनं फोनवर वाचून दाखवला. वस्तीवर ठळक परिणाम आढळला नाही. पंधरा तारखेपासून जीप ओढ्यापलीकडं जायला लागली, आणि जाताना वस्तीच्याच रस्त्यानं जायची. दारात उभ्या राहिलेल्या मुली तिच्याकडं बघत राहायच्या. ड्रायव्हर नजर चुकवायचा.

नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी दुपारी भागूबाई ओसरीवर आली. पदराखाली पुडी होती.

"दिशाचं?" छबूबाईनं विचारलं.

भागूबाईनं मान खाली घातली. "तिचे वडील म्हनत्यात, घरी बसवून काय करायचं. नुसतं बघून जानार हायती, आक्का. आयतवारी." मग हळूच म्हणाली, "आत कापड सोडा जरा."

"मशीन बिघडलंय."

"ठावं हाय मला तुमचं मशीन," भागूबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तवा तुमी जीप दिलीसा. आता काय देनार?"

ती पुडी ठेवून गेली. छबूबाईनं रविराजला फोन लावला.

"तुमच्या फॉर्मात भरायला एक लग्न आलंय. पोरगी सोळाची. मी आज थांबवलं तर तुमी शून्य धरनार. मग सुपारी फुटू देऊ? का मंडप पडू देऊ, तुमी फोटोला याल तवा?"

"छबूताई, असं बोलू नका हो. माझ्या हातात काय आहे? पुढच्या वर्षी पुन्हा प्रस्ताव..."

"पुढच्या वर्षी तिच्या कडेवर पोर आसंल. त्याचाबी फोटो काढा," छबूबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिनं कात्री घेतली, माप न घेताच कापड कापलं, आठवं म्हणून पेटीत टाकलं आणि चपला चढवल्या.

भागूबाई पडवीत शेंगा निवडत होती. छबूबाई बसली नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "सकाळी फाट्यापतूर मी येते पोरींसंगं. दुपारी आनायलाबी मीच. समद्या नऊ जनी."

"रोज? तुमचे गुडघे, आक्का..."

"रोज. गुडघ्याचं मी बघते. फोटो काढायला कुनी येनार न्हाई, तवा जुनी चप्पल चालंल."

भागूबाई सुपातल्या शेंगांतून हात फिरवत राहिली. दिशा आतून येऊन उंबऱ्याशी उभी होती.

"किती वाजता?" तिनं विचारलं.

"सव्वासहाला. दप्तर आत्ताच भर," छबूबाई म्हणाली, आणि बाकीच्या आठ घरांकडं वळली.