मिस्त्रीची ट्रायल

आमच्या कळंबचा मिस्त्री गाडी दुरुस्त झाली की चपला काढून ट्रायलला बसतो. तळपायाला कळल्याशिवाय इंजिनचं दुखणं कळत नाही, असं त्याचं म्हणणं. परत आला की दोन वाक्यांत निकाल देतो. त्या दिवसापर्यंत एकाही गाडीचं कौतुक मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

कापसाला कुणी विचारत नव्हतं, त्या वर्षांतली गोष्ट. माझा पुतण्या मित्राची उघड्या टपाची गाडी घेऊन पुण्याहून आला आणि सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याजवळ ती तापून थांबली. रस्त्यावर उडणारा कापूस रेडिएटरच्या जाळीत गच्च बसला होता. मिस्त्रीनं तो बोटांनी वेचून काढला, रस्त्याकडेला चपला काढल्या आणि निघाला. आवाज चढत चढत गेला, आणि एकदम बंद! पुतण्या पांढराफटक पडला. शिफारस माझी होती.

दहा मिनिटांनी तो धडधाकट गाडीसह परत आला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. त्याच्या केसांत कापूस होता.

"आपली जीप कमी फेऱ्यांवरच जोर देते, पन लवकर दमते. हिचा फेऱ्यांचा काटा सात हजारावर गेला का मंग गाते, गुरुजी!"

"मंग बंद काहून पडली?" मी विचारलं.

"पडली नाही, म्या केली. समोरून कापसाची बैलगाडी येऊन राह्यली होती. या आवाजानं बैल बुजले असते तं कापूस मातीत गेला असता. मातीचा कापूस कोन घेते आता?"

मी वाकून त्याच्या चपला उचलल्या आणि त्याच्या पायाशी ठेवल्या.