तीर्थस्वरूप मालकांस

“अरे, तुला माणूस मी केलं!” फोनमधून मालक असे गरजले की बेडोकच्या हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारातल्या, साळुंक्या उडाल्या त्या थेट मलेशियात उतरल्या. माझ्या नेहमीच्या स्टॉलवरचा आचारी मात्र पराठा उलटत म्हणाला, “कृपा आहे.”

या दोन शब्दांवर तो माणूस जगत असे. बोट भाजलं, कृपा आहे. तीन वर्षं तो या मालकांच्या रेस्टॉरंटात होता. पासपोर्ट त्यांच्या ड्रॉवरमध्ये, झोप कांद्याच्या पोत्यांमागे, दाराला बाहेरून कुलूप. आई गेली तेव्हा मालक म्हणाले, “दिवाळीच्या ऑर्डरी आटोपल्या की जा.” कामाचं परमिट संपलं तसा कसाबसा सुटून तो या स्टॉलवर आला. धाकटा भाऊ अजून तिथंच होता. “तू परत ये, नाहीतर त्याची बायकोच्या बाळंतपणाची सुट्टी रद्द करीन,” हेच मालक फोनवर ओरडून सांगत होते.

फोन ठेवून तो म्हणाला, “साहेब, लिहून घ्या.” मी मोबाइल काढला.

“तीर्थस्वरूप मालकांस शिरसाष्टांग नमस्कार. आपली फार आठवण येते. दार उघडं असलं की झोपच लागत नाही. यायला तयार आहे. आधी आठ दिवस आपण पोत्यांमागे निजावं, कुलूप मी लावीन. पासपोर्ट माझ्याकडे द्यावा, उगाच हरवायला नको. मातोश्रींचं काही बरंवाईट झालं तर काळजी नसावी, दिवाळी झाली की लगेच सोडीन. लोभ आहे तो वाढवू नये.”

मी इतका हसलो की शेजारच्या टेबलावरचे चिनी आजोबा काही न कळताच हसायला लागले.

“पाठवू नका हं,” तो म्हणाला. “भाऊ तिथं आहे. पोटातलं निघालं, पुरे.”

आता तुम्हीच सांगा, असा माल खिशात राहतो? पुंगोलला घरी पोचेपर्यंत मी तो मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता. नाव कुणाचंच नव्हतं. पण आमच्या गणपतीचं जेवण पुरवणारे तेच मालक, आणि तेही ग्रुपवर. दोनशे जणांनी हसरे चेहरे टाकले. मालकांनी नुसता अंगठा.

दुसऱ्या दिवशी भावाची सुट्टी रद्द.

मी धावत स्टॉलवर गेलो. “कामगार मिनिस्ट्रीत तक्रार करू!”

“बाळ थांबेल का तोवर, साहेब?” असं म्हणून तो पीठ मळत राहिला.

परमिट पुन्हा मालकांच्या नावे बदललं आणि तो परत गेला. भाऊ गावी पोचला, मुलगी झाली.

परवा धीर करून मी त्या रेस्टॉरंटात गेलो. गल्ल्यावर मालक होते. म्हटलं, “आचाऱ्याला जरा भेटायचं होतं.”

“कामात आहे,” मालक म्हणाले. “तुम्ही काय घेणार?”