चार व्हॉलचा चार्ज

तुम्हाला कधी चार्ज मिळालाय का हो?

मोबाइलचा नाही म्हणत मी. तो आमच्याकडं लाईट असली की मिळतो. पिशव्या जास्त दिसल्या की रिक्षावाला वेगळा लावतो, तोही नाही. आणि पोलिसांचा लाठीवाला तर देवा नकोच! मी म्हणते तो कागदावरचा. वरचा माणूस रजेवर गेला की खालच्याच्या हातात येतो तो. एवढ्याशा शब्दाचे इतके अर्थ, आणि मी दहावी शिकलेली बाई. माझ्या वाट्याला नेमका हा शेवटचा आला. आला आणि माझी जी काही शोभा झाली ती सांगते. हसा खुशाल, आता मलाही हसू येतं.

उमापूरकडं जाताना आमचं गाव लागतं. तिथं मी उपसरपंच आहे. कशी झाले? सगळ्यांना चालेल अशी एक बाई हवी होती, आणि माझं कुणाशी भांडण नव्हतं. तेव्हा नव्हतं. उपसरपंचाचं काम म्हणजे झेंड्याला टाळ्या आणि मीटिंगला सही. दोन वर्षं मी ते मन लावून केलं.

मग आमच्या सरपंच मंदाताई लेकीच्या बाळंतपणाला संभाजीनगरला गेल्या. आठ दिवसांसाठी. ग्रामसेवकांनी रजिस्टरात दोन ओळी लिहिल्या, माझी सही घेतली आणि म्हणाले, “आता चार्ज तुमच्याकडं, मॅडम.”

मॅडम! सकाळपर्यंत हेच मला काकू म्हणत होते.

घरी आले. आमचे मालक ओसरीवर पेपर वाचत बसलेले. मी सांगितलं. त्यांनी पेपर खाली केला.

“चार्जमधी काय काय येतं?”

“सगळंच येतं.”

“मग चहा टाकायचं येतं का न्हाई?”

मी चहा टाकला. पण टाकता टाकता ठरवलं, आठ दिवसांत एक तरी चांगलं काम करायचं.

आमच्या गावाला पाण्याची एकच टाकी. दिवसातून एकदा भरते. गल्ल्या चार, गल्लीगणिक एक व्हॉल, आणि व्हॉल फिरवायची हातभर लांब लोखंडी किल्ली. किल्ली रज्जाकभाईंकडं. वीस वर्षं तेच पाणी सोडतात. रोज एका गल्लीची पाळी, म्हणजे आपल्या नळाला चौथ्या दिवशी पाणी. गावात हळदीची तारीख काढायची तर आधी पंचांग बघतात, मग रज्जाकभाईंना विचारतात. दोघांचं जुळलं तरच पत्रिका छापायला जाते.

वरच्या गल्लीतल्या कौसाबाईनं असंच केलं होतं. लेकीची, रेखाची हळद गुरुवारी. कारण गुरुवारी वरच्या गल्लीची पाळी. दोनशे पाहुण्यांचं जेवण, आंघोळी, सगळा हिशोब त्या एका नळावर.

आणि माझा चार्ज सुरू झाला बुधवारी.

बुधवारी दुपारी मधल्या गल्लीच्या बायका आल्या. “काकू, आता तुमी हायेत. चार-चार दिवस शिळं पाणी कावून प्यायचं आमी?”

खरंच की! का म्हणून प्यायचं? मी एका पत्रिकेच्या पाठीवर गणित मांडलं. चार दिवसांनी एक तास, त्यापेक्षा रोज पाव तास. चारही व्हॉल एकदम उघडायचे. भाकरी मोडून चौघांत वाटतो तसं. दहावीला गणितात मला बरे मार्क होते, सांगून ठेवते.

गुरुवारी सकाळी मी टाकीपाशी गेले. रज्जाकभाई नुकतेच आले होते. मी गणित वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“वैनी, आज वरच्या गल्लीची पाळी हाय. कौसाबाईकडं हळद हाय. तुमचं ते उद्या करू.”

“अहो, त्यांचं बंद कुठं करतेय? त्यांनाही मिळणारच की, सगळ्यांबरोबर.”

“न्हाई मिळायचं. पाणी उताराला पळतंय.”

“रज्जाकभाई, चार्ज माझ्याकडं आहे.”

“आसंल ना. पण पाण्याला कोन सांगनार?”

तुम्हीच सांगा, ऐकून घ्यायचं का हे? मला वाटलं, बाईच्या हातात चार्ज आला म्हणून हे असं बोलतात. एरवी मी कुणावर आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. फक्त हात पुढे केला. “किल्ली द्या.”

त्यांनी किल्ली दिली. वर एक जुनं फडकंही दिलं. “गंजलेली हाय, हाताला लागंल,” म्हणाले, आणि लिंबाखाली जाऊन बसले.

चारही व्हॉल मी स्वतः उघडले. हाताला फोड आले, पदर गंजानं लाल झाला, पण असं समाधान वाटलं की काय सांगावं! तशीच निघाले वरच्या गल्लीला. म्हटलं, हळदीच्या घरी पहिलं पाणी आपल्या डोळ्यांनी बघावं.

कौसाबाईच्या दारात नळाखाली पहिला ड्रम, मागं अकरा ड्रम ओळीनं. मांडवात रेखा पाटावर बसलेली, हळद कालवून तयार. आचारी तांदूळ घेऊन थांबलेला. कौसाबाईनं मला खुर्ची दिली.

नळ म्हणाला, “फुस्स.”

“हवा असते आधी,” मी म्हणाले.

दहा मिनिटांनी नळ पुन्हा म्हणाला, “फुस्स.”

“आता रोज येणार बघा पाणी. सगळ्या गल्ल्यांना सारखं,” मी म्हणाले.

पाहुणेमंडळींतली एक म्हातारी माझ्याकडं टक लावून बघत होती. तिनं विचारलं, “ही कोन गं?”

“चार्जवाल्या हायेत,” कौसाबाई म्हणाली. तेव्हा तिच्या आवाजात अजून मान होता.

अर्ध्या तासानं तो राहिला नाही. तिनं रिकाम्या ड्रमवर हात मारला. ड्रम देवळातल्या नगाऱ्यासारखा वाजला. “वैनी, माझी पोरगी पाटावर बसलीय. दोनशे मानूस जेवायचंय. पानी कुठं हाय?”

पाणी कुठं आहे? मला तरी काय ठाऊक! तेवढ्यात माझा फोन वाजला. आमचे मालक. ते सहसा फोन करत नाहीत.

“कुठं हायस तू? घरात पानी शिरलंय!”

“कुणाच्या?”

“कुनाच्या म्हंजी? आपल्या!”

आता एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नव्हती. तेव्हा मलाही ती महत्त्वाची वाटली नव्हती. आमचं घर खालच्या गल्लीत. खालच्या गल्लीतही अगदी शेवटचं. त्याच्यापुढं ओढाच. आणि आमच्या नळाला तोटी नाही. चौथ्या दिवशी येणाऱ्या पाण्याला तोटी कशाला लावायची?

मी पळत निघाले. माझ्यामागं कौसाबाई, तिच्यामागं हळदीच्या बायका, मधल्या गल्लीच्या बायकाही वाटेत मिळाल्या. त्यांच्या नळाला धार आली होती म्हणे, करंगळीएवढी. मिरवणूकच झाली.

अंगण भरून वाहत होतं. वाळत घातलेल्या माझ्या कुरडया गोठ्याकडं पोहत चाललेल्या. टाकं, हौद, माठ, घागरी, अगदी चहाचं पातेलंसुद्धा भरलेलं. मालक दोन्ही चपला हातात घेऊन ओट्यावर उभे. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, “चार्ज लई जोरात हाय तुझा.”

कौसाबाईनं अंगण बघितलं. मग मला बघितलं. “वा वैनी! गावाला पाव-पाव तास, अन् तुमच्या दारात पूर!”

“अगं, मी मुद्दाम नाही केलं…”

“मुद्दाम करायला अक्कल लागती,” मागून कुणीतरी म्हणालं. माझी बाजू घेऊनच म्हणालं असावं.

रज्जाकभाई सायकलवरून आले. टाकी रिकामी झालेली, व्हॉल बंद केलेले. ते थेट हौदाजवळ गेले, एक घागर बुडवून भरली आणि सायकलला अडकवली. “चला. पोरगी पाटावर हाय.”

मग सगळ्यांनी भांडी उचलली. माझ्या हौदातून, टाक्यातून, माठातून पाणी चढावर निघालं. मालकांनी बैलगाडीवर दोन ड्रम चढवले. मी बारा हंडे वाहिले. तेराव्या खेपेला चहाचं पातेलंही नेलं. रेखाला हळद लागली ती दुपारी एकला. जेवणं झाली चारला. माझ्या घरात थेंब उरला नाही.

संध्याकाळी मी फडक्यात गुंडाळून किल्ली रज्जाकभाईंना देऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चुकलेली पाळी म्हणून वरच्या गल्लीला पाणी सोडलं, आणि कौसाबाईचं वऱ्हाड गाडीत बसत होतं तेव्हा मी तिच्या नळाखाली हंडा लावून उभी होते.