फुलीची सही

प्लेनोच्या लायब्ररीत दर शनिवारी आम्ही सातआठ जण जुने हस्तलिखित कागद वाचून कॉम्प्युटरवर टाइप करतो. इथे अमेरिकेत गुलामगिरी संपल्यावर सरकारने मुक्त झालेल्या लोकांना धान्य दिलं, त्यांच्यासाठी शाळा चालवल्या, त्याचे हे कागद. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक रिटायर्ड शिक्षिका असतात. आपली पणजी अशाच एका शाळेत शिकली, एवढंच त्या एकदा बोलल्या.

बाई प्रत्येक नाव आधी मोठ्याने वाचतात आणि मगच टाइप करतात. लायब्ररीत कोणी वळून पाहिलंच, तर पुढचं नाव आणखी सावकाश वाचतात.

पहिल्याच दिवशी माझी चूक झाली. धान्याच्या यादीत बऱ्याच नावांपुढे फुली होती. आपल्याकडे फुली मारली म्हणजे नाव रद्द, म्हणून मी ती सगळी गाळली. बाईंनी चष्मा कपाळावर ढकलला.

"हनी, ही त्यांची सही आहे."

"म्हणजे निरक्षर होते का? आमच्याकडे अंगठा लावतात."

"अजून शिकले नव्हते," त्या म्हणाल्या, आणि गाळलेलं एकेक नाव त्यांनी माझ्याकडून टाइप करून घेतलं.

परवा त्याच गावच्या शाळेचा कागद माझ्यासमोर आला. शाळेला मोठी खोली मिळावी, म्हणून पालकांनी केलेला अर्ज. खाली सह्या. त्यात यादीतल्या एका फुलीवालीने या वेळी आपलं नाव लिहिलं होतं. अक्षरं वेडीवाकडी, पण सगळी जागेवर.

"हॅना," मी मोठ्याने वाचलं. पलीकडच्या टेबलावरच्या दोघांनी वळून पाहिलं.

"आता सावकाश," बाई म्हणाल्या.