पिल्लाची आई

संगमनेरात बिभीषण वर्पेचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार पुन्हा चालू करण्यात त्याचा हात धरणारं आसपास कुणी नाही. पण वस्तीवर बोलावलं की तो गाडी बांधावरच थांबवून हॉर्न वाजवतो आणि कुत्रं बांधल्याचं कुणीतरी ओरडून सांगेपर्यंत खाली पाय टेकत नाही. लहानपणी एका कुत्र्यानं त्याच्या पिंडरीचा लचका तोडला होता. तेव्हा पोटात घेतलेल्या इंजेक्शनांच्या आठवणीनं अजूनही त्याच्या अंगावर काटा येतो.

बायको ज्योती मात्र कुत्र्यांतच वाढलेली. लग्नानंतर नवऱ्यासाठी तिनं तो विषय मिटवला. मग मुलगी नर्सिंगला नाशिकला गेली, घर गप्प झालं, आणि एका सकाळी भाकरी थापता थापता ज्योती म्हणाली, “अहो, इतकी वर्षं तुमच्या भीतीबरोबर संसार केला. आता एक छोटंसं कुत्रं माझ्यासाठी आणा.”

त्याला नाही म्हणवेना.

दोघं जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. ज्योतीच्या मनात पग होता. डॉक्टर म्हणाले, “चपट्या नाकाच्या कुत्र्याला आपल्याकडचा उन्हाळा सोसत नाही, धापा टाकत बसतं. तुमच्या घराला जिने नाहीत, तर आखूड केसांचं डॅशहंड बघा; त्या बुटक्या पायांच्या, लांब पाठीच्या कुत्र्याला जिनेच तेवढे सोसत नाहीत. आणि आई बघितल्याशिवाय पिल्लू घेऊ नका. आजारी दिसलं तर दया आली तरी घेऊ नका. ते खपलं की विकणारा तसलंच दुसरं आणतो.”

आई बघायची म्हणजे मोठ्या कुत्रीसमोर जायचं! त्यामुळे मोबाईलवर सापडलेला राहात्याकडचा एक विकणारा “तुमाला यायची गरज न्हाई, मीच रस्त्यावर आनून देतो” म्हणाला, तेव्हा बिभीषणला मनातून बरंच वाटलं.

ठरल्या जागी, चहाच्या टपरीमागे, गाडी उभी होती. डिकीत आंब्याचं खोकं आणि खोक्यात पिल्लू. ज्योतीनं ते उचलून पदराआड घेतलंसुद्धा. ओंजळीत मावेल एवढं, डोळ्यांना चिकटा, शेपटीखाली ओलं. मानही उचलत नव्हतं.

“झोपलंय. लई गरीब जात हाय,” विकणारा म्हणाला.

“याची आई?” बिभीषणनं विचारलं, आणि आपण हे का विचारलं म्हणून त्याचा त्यालाच घाम फुटला.

“पुन्याला हाय.”

“फोनवर तर वस्तीवर हाय म्हणालात.”

“तुमाला पिल्लू पायजे का आई?” विकणाऱ्याचा आवाज चढला. “दुसरं गिऱ्हाईक वाटंवर हाय. घ्यायचं तर आत्ता घ्या, न्हाईतर द्या इकडं.”

ज्योतीनं पिल्लू आणखी जवळ धरलं. हो म्हटलं असतं तर बिभीषणला कुठल्याच कुत्रीचं तोंड बघावं लागणार नव्हतं. त्याचा हात खिशाकडे गेलाही होता. तो तिथंच थांबला.

“ज्योती, परत दे ते.”

“अहो, मरंल ते.”

“दे.”

तिनं दिलं. रिकाम्या हातांनी दोघं घरी आले. बिभीषणनं डॉक्टरांना फोन करून त्या गाडीचा नंबर कळवला. डॉक्टर म्हणाले, प्राणिमित्रांना सांगतो. पिल्लाचं पुढं काय झालं, ते मात्र कळलं नाही. संध्याकाळी ताट वाढताना ज्योती म्हणाली, “तुमाला घरात नकोच होतं. म्हणून परत दिलंत.”

दुसऱ्या दिवशी बिभीषणनं स्वतःच डॉक्टरांकडून दुसरा पत्ता मिळवला.

तो पत्ता सोनईचा होता. निवेदिता मॅडम शाळेत शिकवतात आणि हौसेनं डॅशहंड पाळतात. चहा आला तोच प्रश्नांसकट. दिवसभर घरी कोण असतं? गावाला गेलात तर कुत्रं कुणाकडे ठेवणार? ज्योती भराभर उत्तरं देत होती. तेवढ्यात आतल्या खोलीतून एक काळीभोर कुत्री बाहेर आली. उंची जेमतेम पायरीएवढी, पण गुरगुर अशी की बिभीषणच्या हातातली कपबशी वाजायला लागली.

“ही मिरी, पिल्लांची आई,” मॅडम म्हणाल्या. मग त्याच्याकडे बघून म्हणाल्या, “तुम्ही घाबरता का कुत्र्यांना?”

“नाही नाही, ते जरा...” ज्योती मध्येच बोलली.

“व्हय,” बिभीषण म्हणाला. “लई घाबरतो.”

मॅडमनी कप खाली ठेवला. “मग मला पिल्लू देता येणार नाही. घाबरलेला माणूस लाथ मारतो.”

ज्योतीनं डोळे मिटून घेतले. बिभीषण म्हणाला, “मी पळतो, मॅडम. लाथ आजपर्यंत मारली नाही.”

मॅडमनी फरशीकडे बोट दाखवलं. “बरं. खाली बसा. तिच्या डोळ्यांत बघू नका. हात मांडीवर.”

तो फरशीवर बसला. मिरी जवळ आली. गुडघा हुंगला, विजारीवरचा ग्रीसचा डाग हुंगला. तिचा श्वास त्याच्या पिंडरीला लागत होता, नेमका तिथंच. मागून पिल्लं लडबडत आली. त्यातल्या एका तांबूस पिल्लानं थेट त्याच्या पायाचा अंगठा तोंडात धरला. सुईसारखे दात टोचले. पाय झटकावा म्हणून सगळं अंग ताणलं गेलं. मिरीनं कान टवकारले, गुरगुर पुन्हा सुरू झाली.

त्यानं पाय झटकला नाही. दातावर दात धरून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला. पिल्लू कंटाळलं, अंगठा सोडून त्याच्याच पावलावर लवंडलं. मिरी थोडी मागं सरकून बसली, नजर मात्र त्याच्यावरच.

“आत्ता लगेच नाही मिळणार,” मॅडम म्हणाल्या. “दोन महिन्यांची झाल्याशिवाय मी आईपासून तोडत नाही. पहिली लस इथंच होईल. तोवर येत जा दोघं. मिरीला तुमची सवय होऊ दे, तुम्हाला मिरीची.”

ते जात राहिले. दर खेपेला बिभीषणला दारातच घाम फुटायचा, दर खेपेला तो फरशीवर बसायचा. ज्योतीला सगळ्यांत दंगेखोर नर आवडला होता. पहिलं कुत्रं आहे, तर त्याहून शांत अशी ती तांबूस मादी घ्या, असं मॅडमनी समजावलं. न्यायच्या दिवशी त्यांनी लसीचं कार्ड दिलं, नेहमीचं खाणं बांधून दिलं आणि सांगितलं, “नाहीच जमलं, तर रस्त्यावर सोडू नका. माझ्याकडे आणा.”

राहुरीच्या पुढं पिल्लू ज्योतीच्या मांडीवर ओकलं. बिभीषणनं गाडी बाजूला घेतली.

“धरा जरा, मी साडी धुऊन येते,” म्हणत तिनं ते त्याच्या हातात दिलं आणि समोरच्या नळाकडे गेली.

त्यानं ते दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरलं. तळहाताखाली इवलंसं काळीज धडधडत होतं. आपल्यापेक्षाही हे जास्त घाबरलंय, हे त्याच्या ध्यानात आलं. हळूहळू त्याचे हात कोपरांत वाकले. ज्योती ओल्या पदरानं परत आली, हात पुढं केले.

“राहू दे थोडा वेळ,” तो म्हणाला. “आत्ता कुठं शांत झालंय.”