उमैमाचा कोड, सी रिधाची सही

सी रिधा कम्मूनचं नाव काढलं की माझं डोकंच फिरतं. आमच्या स्फाक्स शहरातल्या शाळेत तो संगणक शिकवतो, म्हणून मानाने 'सी' म्हणायचं. कडक इस्त्रीचा शर्ट, जिभेवर साखर. पन्नाशी उलटली तरी धड एक प्रोग्रॅम स्वतःचा म्हणून लिहिला नाही मेल्याने. दुसऱ्यांच्या पोरांची हुशारी मिरवण्यात हयात गेली. पोरं मात्र त्याच्यावर जीव टाकायची, आणि त्यात माझी लेक उमैमा सगळ्यांच्या पुढे.

तिला ओपन सोर्सच्या उन्हाळी उपक्रमाचं वेड लागलं. जगभरची माणसं मिळून सगळ्यांसाठी खुली सॉफ्टवेअर लिहितात, तिथे नवख्यांनी उन्हाळाभर काम करायचं, वर मानधन. निवड व्हायला आधी काम दाखवावं लागतं. तिने नकाशांचं एक सॉफ्टवेअर धरलं. त्यात गावांच्या अरबी नावांची अक्षरं सुटी सुटी दिसायची. पोरीने हिवाळाभर खपून ती जोडली.

"सर, शाळेतल्या मुलांना घेतात का हो?" तिने माझ्यादेखत विचारलं.

"अठरा पुरी लागतात. तू सतराची. तुझं वय बघून तुझं काम वाचणारसुद्धा नाहीत. तोवर माझ्या नावाने पाठव, पुढच्या वर्षी सांगू तुझं आहे म्हणून."

पोरांसाठी थोरल्याने सही करायची ही आमच्याकडची रीतच. शाळा बुडाली तर मी करते, सहल असली तर तिचा मामा. आम्हाला वावगं वाटलं नाही. पण तिथे प्रत्येक बदलाखाली 'हे माझं स्वतःचं काम आहे' असं लिहून द्यावं लागतं, आणि हा निर्लज्ज दरवेळी खुशाल लिहून देत होता!

वसंतात बातमी आली, उपक्रमात स्फाक्सचा माणूस निवडला गेला. कोण? तर सी रिधा! अठराच्या वर कितीही वय चालतं म्हणे. शाळेत टाळ्या झाल्या, बकलावा वाटला.

उमैमाने जेवण टाकलं. "यम्मा, खरं सांगितलं तर माझं सगळं काम काढून टाकतील. खोट्या सहीचा कोड ते ठेवत नाहीत."

"आणि नाही सांगितलंस तर?"

ती उठून संगणकासमोर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी तिने त्या लोकांच्या उघड्या चर्चेत सगळं लिहून टाकलं. काम गेलं. सी रिधाची निवडही गेली. खाली तिथल्या एका बाईंनी लिहिलं होतं, "अठराची अट फक्त उन्हाळी उपक्रमाला आहे. एरवी आमच्याबरोबर काम करायला वय विचारत नाही. तू स्वतःच्या नावाने का नाही आलीस?"

संध्याकाळी सी रिधा दारात हजर, मला मानाने 'लेल्ला' म्हणत.

"लेल्ला नजात, गैरसमज झाला एवढं तिला लिहायला सांगा. नोकरीवर येईल हो माझ्या!"

"लाज नाही वाटत? पोरीच्या कष्टावर टाळ्या घेतल्यात, आता तिच्याकडूनच खोटं लिहून घेताय?"

उमैमा माझ्यामागून पुढे आली. आवाज शांत होता.

"सर, स्वतःच्या नावाने पाठवता येतं, हे तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं का?"

तो शर्टाची बाही नीट करत राहिला. मग म्हणाला, "तुझं काम फार चांगलं होतं गं."

मी त्याच्या तोंडावर दार आपटलं. सगळं काम गेलं तेव्हा एक टिपूस न काढलेली माझी पोर तिथेच खाली बसून रडली.