टँकर बंद करणाऱ्या सरपंचबाई

कुणीही काम घेऊन आलं की सरपंचबाई आधी दोरीला दगड बांधून गावच्या विहिरीत सोडायच्या. वर काढून ओली दोरी हातानं मोजायच्या आणि म्हणायच्या, "पयलं पानी बघू, मंग बोलू."

पाटोद्याच्या पुढच्या त्या गावात मी ग्रामसेवक होतो. पाटीवर बायकोचं नाव आणि खुर्चीत नवरा, असे सरपंच तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. इथं नवरा बाहेर पायरीवर तंबाखू मळत बसायचा. बाईंनी पंधरा वर्षं ऊस तोडला होता. त्यांनी ग्रामसभेत ठराव करून घेतला की विहिरीच्या आसपास नवा बोअर घ्यायचा नाही. पहिला अडवला तो सख्ख्या दिराचा. दीर वर्षभर बोलला नाही.

"न का बोलंना," बाई म्हणाल्या. "प्यायला पानी तर हाय."

दर उन्हाळ्यात येणारा टँकर तीन उन्हाळे गावात आला नाही. टँकरच्या ठेकेदाराला हे सोसलं नाही. एका सोमवारी ग्रामपंचायतीचे सातही सदस्य गावातून गायब झाले. पाच दिवसांनी परतले ते फुलाफुलांचे शर्ट घालून, गोव्याहून.

तहसीलदारांसमोर अविश्वास ठरावाला सातही हात वर झाले. बाईंनी सगळ्यांत वयस्क सदस्याला विचारलं, "आप्पा, कावून?"

आप्पा जमिनीकडं बघत म्हणाले, "तुमी लई चांगल्या हाव बाई. पर तुमच्यामुळं कुनालाच काय भेटंना."

"भाऊसाहेब," बाई मला म्हणाल्या, "आप्पा काय बोलले ते बी लिवा."

मी लिहिलं नाही. 'ठराव मंजूर' एवढंच लिहिलं. बाई थेट गावानं निवडून दिलेल्या, म्हणून पुढं ग्रामसभेत गुप्त मतदान झालं, तिथंही त्या हरल्या. त्याच विहिरीवर घागरी भरणाऱ्या बायांच्या मतांशिवाय ते झालं नसतं. संध्याकाळी ठेकेदाराकडं मटणाचं जेवण होतं. मी दोनदा रस्सा मागून घेतला.

त्या हिवाळ्यात विहिरीभोवती चार बोअर पडले. मार्चात टँकर सुरू झाला. आप्पांची सून त्याच्यामागं हंडा घेऊन पळताना मी पाहिली आणि मला तिची कीव आली नाही.

बाई तेव्हा गावात नव्हत्या. दिवाळीनंतर त्या पुन्हा ऊसतोडीला गेल्या होत्या. पाटोद्याच्या स्टँडसमोरून त्यांचा ट्रॅक्टर गेला, तेव्हा ट्रॉलीत भांड्यांच्या पोत्यावर त्या बसल्या होत्या, नवरा शेजारी. मी उभ्या एसटीच्या आड झालो आणि ट्रॅक्टर वळणापलीकडं जाईपर्यंत तिथंच थांबलो.